एका हाकेची ओ

माणूस तीनदा हाक मारतो. एकदाच मारतं ते माणूस नसतं. जोयड्याच्या डोंगरात हे लहान पोराला बोलता यायच्या आधी शिकवतात. दिवसा कुणी कितीदा का बोलवेना, पण तिन्हीसांज झाली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला जागचं हलायचं नाही, तिसरी आली की मग 'आलो' म्हणायचं. शिकलेली माणसं याला हसतात. हसोत बापडी. त्यांची घरं एकमेकांना चिकटलेली असतात, तिथं नुसतं शिंकलं तरी भिंतीपलीकडचा विचारतो, सर्दी झाली काय म्हणून.

आमच्याकडं एका टेकाडावर एक घर, मध्ये भाताची खाचरं, ओढा, मग दुसऱ्या टेकाडावर दुसरं घर. शेजाऱ्याशी बोलायचं तर दोन्ही हात तोंडाशी धरून लांब आवाज काढावा लागतो. त्याला आम्ही कुकारा म्हणतो. कुकाऱ्यावर इथं लग्नं ठरली आहेत आणि भांडणंही झाली आहेत.

मी वासू. चौतीस वर्षं टपालाची पिशवी खांद्याला लावून हे डोंगर तुडवले. आता त्र्याहत्तर वय आहे, गुडघे वाजतात, जीभ मात्र शाबूत आहे आणि ती तिखट आहे असं गाव म्हणतं. माझी रुक्मा जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. माझ्या पडवीतून समोर बघितलं की खाचरांच्या पलीकडं एकच घर दिसतं, ते केशरवैनीचं. पाखराला तीन मिनिटांचं अंतर, मला वीस मिनिटांचं.

केशरवैनीचा नवरा लखू माझा लहानपणापासूनचा सोबती. बांबूतोडीच्या कामावर असायचा. सहा वर्षांपूर्वी चैत्रात, सुप्याच्या धरणाचं पाणी खाली उतरलं होतं तेव्हाची गोष्ट. तिन्हीसांजेला लखू पडवीत बसून टोपलीसाठी बांबू सोलत होता. वैनी आत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. पाण्याच्या बाजूनं एक हाक आली. एकच. वैनीनंही ती ऐकली. लखू म्हणाला, "वासू बोलावतोय." त्यानं ओ दिली, पायात चपला घातल्या आणि गेला.

मी हाक मारली नव्हती. मी त्या दिवशी रामनगरच्या बाजारात होतो, शेवटची बस चुकली म्हणून तिथंच एका ओळखीच्याकडं राहिलो होतो. सकाळी लखू सापडला. पाणी गुडघाभर होतं. पोलिसांनी पाय घसरला असं लिहून घेतलं. गावानं मात्र ठरवून टाकलं की पाण्याखाली गेलेल्या जुन्या सुप्यातलं कुणीतरी होतं आणि त्यानं वासूचा आवाज काढला. बरेच दिवस लोक माझ्याकडं असे बघायचे, जणू मीच माझा आवाज कुणाला वापरायला दिला होता. माझी बाजू कशी मांडणार? मी तिथं नव्हतो, एवढंच माझ्या हातात होतं.

वैनीनं मला कधी काही विचारलं नाही. तेरावं झाल्यावर ती खाचरं ओलांडून माझ्या दारात आली.

"भावजी," ती म्हणाली, "उद्यापासनं मी सकाळी तीन कुकारं घालीन, सांजचं तीन. तुमी बी तीन घालायचं. माझं तीन आलं न्हाई तर समजायचं, काय तरी झालंय, अन् यायचं. पण बिनयेळंला एकच आला तर तो माझा न्हाई. माझ्या आवाजात आला तरी माझा न्हाई. ओ द्यायची न्हाई. शपत घ्या."

मी देव्हाऱ्यासमोर शपथ घेतली. दुधानं तोंड भाजलेल्या माणसाला ताक फुंकायला शिकवावं लागत नाही.

असं साडेपाच वर्षं चाललं. सकाळी तीन, सांजेला तीन. पाऊस असला तर तो जरा थांबायची वाट बघायची आणि घालायचे. तिचा मुलगा निखिल गोव्यात औषधाच्या कारखान्यात आहे. पोरगा चांगला, सून स्नेहा त्याच्याहून चांगली. दर सणाला दोघं यायची आणि "आई, चल आमच्याकडं" म्हणून मागं लागायची. वैनीचं उत्तर ठरलेलं असायचं, की माझं हितं काय अडलंय. मग निखिलनं दुसरा मार्ग धरला. आई येत नाही तर घरच तिच्या वयाचं करायचं. त्यानं न्हाणीत स्टीलचे कठडे बसवले, खाली न घसरणारी रबरी चटई घातली, खुर्चीसारखा संडास आणला, पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारला. एक गळ्यात घालायचं बटणही आणलं होतं. दाबलं की थेट निखिलच्या फोनवर घंटा वाजणार. फक्त त्याला रेंज लागते आणि ती आमच्या गावात नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वैनीनं ते देव्हाऱ्याच्या खुंटीला अडकवून ठेवलं.

हे सगळं करून झाल्यावर निखिलनं माझ्यासमोर तिला बजावलं. "आई, तुझ्या मनासारखं केलं. पण एकदा जरी पडलीस ना, किंवा डोक्यात काही कमीजास्त व्हायला लागलं, तर मी तुझं ऐकणार नाही. घराला कुलूप आणि तू गोव्याला."

वैनीनं मान डोलावली. त्या दिवसापासून ती पाऊल कसं मोजून टाकायला लागली ते मला खाचरांपलीकडून दिसायचं. तिला मरणाची भीती नव्हती, कुलपाची होती.

मार्गशीर्षात ती पडली. कठडे होते तिथं नाही, मागच्या पडवीत, जिथं जळण रचलेलं असतं. तिथं कठडा लावायचं निखिलला सुचलं नव्हतं आणि मलाही.

त्या सांजेला तिचे तीन कुकारे वेळेवर आले होते. मी माझे तीन घातले, गाय बांधली, विडी पेटवली. दिवस गेला असं म्हणून मी निवांत झालो होतो. अंधार पडता पडता समोरून एक हाक आली.

आवाज तिचाच होता. तोही धड नाही, मध्येच पिचलेला. मी उठून पडवीच्या पायरीपर्यंत गेलो, एक पाय खाली टाकला आणि थांबलो. दुसरी येऊ दे म्हटलं. कान देऊन उभा राहिलो. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं, गाय चघळत होती ते ऐकू येत होतं. दुसरी हाक आली नाही. कुणाची ओही आली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं त्यावरच सगळं अडणार होतं. कुणीही ओ दिली नव्हती. मी ऐकत होतो.

मला लखू आठवला, त्याच्या चपला आठवल्या. मी पाय वर घेतला, आत गेलो आणि दाराला कडी घातली.

सकाळी तिचे तीन आले नाहीत. वीस मिनिटांची वाट मी कशी गेलो ते मला माहीत नाही. ती मागच्या पडवीत जळणाजवळ पडली होती, अंगावर एक पोतं ओढून घेतलेलं, पाय वाकडा. डोळे उघडे होते. मला वाटलं गेली. मग ती म्हणाली, "उजाडलं काय, भावजी?" तिच्या चेहऱ्यावर दुखणं होतं, पण भीती नव्हती. रात्रभर थंडीत एकटं पडलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता, आणि ते मला तिथंच खटकलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. चार गड्यांनी तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीप, मग बेळगाव.

तिसऱ्या दिवशी मी बस धरून दवाखान्यात गेलो. शस्त्रक्रिया झाली होती, ती झोपली होती. निखिलनं मला बाहेर बाकावर बसवलं. दोन रात्री न झोपलेला पोरगा, दाढी वाढलेली.

"वासूकाका, एक विचारायचं आहे," तो म्हणाला. "आई म्हणते, तिनं हाक मारली आणि ओ आली. म्हणून तिनं परत हाक मारली नाही. डॉक्टर सारखं विचारतात, यांना कधी भास होतात का, नसलेले आवाज ऐकू येतात का. मी काय सांगू? ओ तुम्ही दिलीत का?"

मी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दिली असेल तर तिचं डोकं ठिकाणावर आहे," तो म्हणाला. "नसेल कुणी दिली, तर मला दुसरा इलाज नाही. भास होणाऱ्या माणसाला मी त्या रानात एकटं कसं ठेवू, तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा. मी काय सांगायचं? 'नाही दिली' म्हटलं तर वैनी खुळी ठरत होती आणि घराला कुलूप लागत होतं. 'दिली' म्हटलं तर मी कोण ठरत होतो ते मला दिसत होतं.

"व्हय," मी म्हटलं. "मी दिली."

"मग आला का नाहीत?"

"आळस केला. सकाळी येरवाळी जाऊ म्हटलं."

त्यानं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाबा तुमची एक हाक आली म्हणून उठून गेले. आणि आईची हाक ऐकून तुम्हाला आळस आला."

मी परतीची बस धरली. रामनगरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो आणि रडलो. म्हाताऱ्याच्या रडण्याकडं कुणी लक्ष देत नाही, ही एक सोय आहे.

गावाला हे कळायला दोन दिवस लागले. दुकानदार शिवानंद सगळ्यांसमोर म्हणायचा, "वासूअण्णाला हाक मारून ठेवा रे, ओ देतो अन् घोरत पडतो." लोक हसायचे. मीही हसायचो. शिवानंदच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

वैनी दोन महिने गोव्यात राहिली. तिथं तिनं जेवण टाकलं, बोलणं टाकलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोकं अगदी ठणठणीत आहे, फक्त हट्टी आहे. शेवटी फाल्गुनात निखिलनं तिला परत आणून सोडलं. हातात चार पायांची चालायची काठी, मागच्या पडवीत नवा कठडा, आणि पलीकडच्या वाडीतली रक्षिता नावाची बाई सकाळी नऊ ते पाच. निखिल माझ्याशी बोलला नाही. मी बांधावरून बघत उभा होतो, त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं.

मी दोन दिवस गेलो नाही. तिचे तीन कुकारे मात्र यायला लागले, आणि मी माझे घालत होतो. तिसऱ्या दिवशी चार कणगं, आमच्याकडची कंदमुळं, पिशवीत घालून गेलो. रक्षिता ओढ्यावर धुणं धूत होती. वैनी मागच्या पडवीत कठड्याला टेकून बसली होती. वाळली होती, पण डोळे तेच.

"बसा," ती म्हणाली. "दवाखान्यात खोटं बोललासा."

"व्हय."

"तुमी एका हाकंला ओ देणारी असामी न्हवं. शपत घेतलीया तुमी."

मग मी सगळं सांगितलं. पायरीवर उभा होतो, एक पाय खाली होता, आवाज तिचा आहे हे ओळखलं होतं, तरी आत जाऊन कडी घातली. "वैनी, मला माफ करा," एवढंच म्हटलं.

"माफी कसली. मीच तसं सांगितलं हुतं." तिनं काठी जवळ ओढली. "अन् मला आणखी दोन मारायची ताकद हुती, भावजी. चार बी मारल्या असत्या. मी न्हाई मारल्या."

"का?"

"एक मारली अन् ओ आली. त्यांची." ती लखूचं नाव घेत नाही, कधीच घेतलं नाही. "सा वर्सांनी आली. मला वाटलं, दुसरी तिसरी मारली तर तुमी येणार कंदील घिऊन, मग ते थांबायचे न्हाईत. म्हणून गप पडून ऱ्हायले. ते हितं बसले हुते, तुमी बसलाय तितं. बांबू सोलत हुते. मला थंडी वाजली न्हाई."

मी उठून दुसरीकडं बसलो. मला हसू नका, तुम्हीही उठला असता.

तीन महिने मी स्वतःला खात होतो. गावाच्या शिव्या गोड मानून गिळत होतो, कारण मला वाटत होतं की ती रात्रभर माझी वाट बघत पडली होती. ती माझी वाट बघतच नव्हती. मी आलो नाही हे तिच्या पथ्यावर पडलं होतं. मनावरचं ओझं उतरायला हवं होतं, आणि मला वाटलं काय, तर आपल्याला कुणीतरी दारातून हाकलून दिलं.

"एक मागते," ती म्हणाली. "रक्षिता गेली की सांजचं मी आदी एक हाक मारीन. ती तुमची न्हाई. तिला तुमी गप बसायचं. मग जरा येळानं तुमचं तीन."

"अन् खरंच पडलासा, अन् तोंडातनं एकच निघाली तर?"

"तर पडीन. घर माझं हाय, पडणं बी माझंच हाय."

"निखिल मला जित्ता सोडायचा न्हाई."

"त्याला कोण सांगतंय?"

मी कबूल झालो. घरात राहायचं तर आपल्या मर्जीनं, नाहीतर घर आणि दवाखाना यांत फरक तो काय, हे मलाही कळतं.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकतो. केशरवैनीला लखूच्या आधी मी पाहिलं होतं. उळवीच्या जत्रेत, बैलगाडीच्या मागं पाय सोडून बसली होती, हातात शेंगा होत्या. मी लखूला म्हटलं, बघ रे. त्यानं बघितलं आणि महिन्याच्या आत मागणी घातली. मी सांगायला उशीर केला. टपालवाल्यानं स्वतःचंच पत्र उशिरा टाकलं म्हणा. पुढं रुक्मा आली, तिच्याशी मी नीट संसार केला, तिला कधी दुखवलं नाही. पण गेली सहा वर्षं सकाळी आणि सांजेला ते तीन कुकारे आले की मला वाटायचं, चला, हे तरी माझ्या वाट्याचं आहे.

त्या दिवसापासून सांजेला आधी एक हाक यायला लागली. मी विडी पेटवायचो. अर्धी विडी संपायच्या आत माझ्यासाठीचे तिचे तीन यायचे, मी ओ द्यायचो, संपलं. पण ती अर्धी विडी संपेपर्यंत माझं काय व्हायचं ते मलाच ठाऊक. एकीकडं वाटायचं, पडली असेल, उठ. दुसरीकडं कान पाण्याच्या बाजूला लागायचे. त्या बाजूनं काही यायचं नाही. मग तीन आले की वाटायचं, बघ, काही नाही, म्हातारीच्या मनाचे खेळ आहेत. आणि खरं सांगतो, मला त्यात आनंद व्हायचा.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या सांजेला तिची एक हाक आली. मी विडी पेटवली. अर्धी संपली. पूर्ण संपली, बोटाला चटका बसला. तीन आले नाहीत. मी उठून पायरीवर आलो.

तेव्हा पाण्याच्या बाजूनं ओ आली.

लखूची ओ शेवटाला जराशी वर चढायची. पन्नास वर्षं मी ती या डोंगरात ऐकली होती. त्याच्याबरोबर गुरं राखताना, बांबू तोडताना, माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. चुकणं शक्य नव्हतं. ती ओ आली ती सरळ वैनीच्या घराकडं गेली, माझ्यावरून, जणू मी नव्हतोच.

शपथ, कबुली, सगळं विसरलो. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं मी ओ दिली. एकदा, दोनदा, तीनदा. त्याची ओ माझ्या ओखाली बुडून जावी म्हणून दिली. मग बॅटरी घेऊन खाचरांतून धावत सुटलो, म्हणजे या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं.

ती पडलेली नव्हती. मागच्या पडवीत कठडा धरून ताठ उभी होती, केस नीट विंचरलेले, तोंड पायरीकडं. मी बॅटरी खाली केली.

"का दिली?" ती म्हणाली.

"तीन आलं न्हाईत, वैनी. मला वाटलं पडलासा."

"ते पायरीपत्तर आले हुते." तिचा आवाज अगदी साधा होता, भात उतू गेला असं सांगावं तसा. "एक पाय वर ठेवला हुता. तुमचा आवाज आला अन् ते वळले. 'वासू बोलावतोय' म्हणाले, अन् गेले."

मी पायरीकडं बॅटरी फिरवली.

"तुमच्या आवाजामागं ते एकदा गेले हुते," ती म्हणाली. "आता दुसऱ्यांदा गेले."

पुढचे सात दिवस तिनं सांजेला एकेक हाक मारली. मी तोंडावर पंचा दाबून बसलो होतो, घरात, दार लावून. ओ आली नाही. विडी संपायची, दुसरी संपायची, आणि मग तिचे तीन यायचे, रोज आदल्या दिवसापेक्षा बारीक. आठव्या दिवशी एक हाक आली नाही. तीनच आले. तिनं दुसऱ्या दिवशी रक्षिताला रस्त्यावर पाठवून निखिलला फोन करायला लावला, मला न्यायला ये म्हणून.

निखिल रविवारी गाडी घेऊन आला. इतक्या महिन्यांनी तो माझ्याशी बोलला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "काका, रक्षितानं सांगितलं मला. मध्यंतरी तुम्ही एका हाकेला धावत गेलात. मी तुम्हाला नको ते बोललो होतो." आई आपणहून यायला तयार झाली म्हणून पोराचा जीव भांड्यात पडला होता. त्यानं विचारलं की एवढी एकदम कशी तयार झाली. मी म्हटलं, वय झालं, काळजी वाटत असेल.

काळजीनं ओ दिली असं मी त्या रात्री वैनीलाही सांगितलं होतं. ते अर्धंच खरं आहे. ती पडली असेल असं मला विडी संपेपर्यंत वाटत होतं. लखूची ओ ऐकल्यावर तिचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. मेलेला माणूस तिच्या हाकेला ओ देतो आणि मी जिवंत असून तोंडावर हात ठेवून बसायचं, हे मला सोसलं नाही. तिला कुलपापासून वाचवायला मी दवाखान्यात खोटं बोललो, गावाचं ऐकून घेतलं, आणि कुलूप शेवटी माझ्याच आवाजानं लागलं.

स्नेहानं सामान भरलं. वैनी गाडीत मागच्या बाजूला बसली, काठी मांडीवर आडवी. मी खिडकीपाशी गेलो. निखिल दाराला कुलूप घालत होता.

"वैनी, माझ्यावर राग हाय?"

"राग न्हाई, भावजी." तिनं माझ्याकडं नीट बघितलं, फार दिवसांनी. "मी जगावं म्हणून सगळी राबलासा. निखिलनं कठडं लावलं, तुमी ओ दिली. कुणासंगं जगायचं ते मला कुणी इचारलं न्हाई."

मग निखिल आला, त्यानं गाडी सुरू केली आणि ते गेले.

आता चैत्र सरत आला आहे. धरणाचं पाणी खाली उतरलं आहे. समोरचं घर तसंच आहे, कठडे आहेत, पायऱ्यांना पिवळे पट्टे आहेत. सांजेला मी पडवीत बसतो. तीन येत नाहीत आणि एकही येत नाही. शपथ वगैरे आता काही राहिलेलं नाही. त्या बाजूनं एक हाक आली, तर कुणाची का असेना, मी ओ देईन आणि चपला घालीन.